आजी, चंपा म्हैस आणि ४५ हजारांचं सर्टिफिकेट

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून अठरा वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाली आहे, त्यामुळे ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. मजकूर थोडक्यात असा.

बारावी सायन्स झालीय, ७८ टक्के आहेत. ‘नीट’ची परीक्षा दिली, पण डॉक्टरकी सोडाच, जनावरांच्या डॉक्टरकीलाही नंबर लागेल असं तिला वाटत नाही. घरी द्राक्षबाग, दोन म्हशी, एक कुत्रा. आजीला चार वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. पोटच्या लेकाला ती ‘पाव्हणं, कुठल्या गावचं तुम्ही?’ म्हणून विचारते, पण गोठ्यातल्या म्हशीला ‘चंपे’ अशी बिनचूक हाक मारते. संध्याकाळ झाली की घरात येरझाऱ्या, रडणं, ‘मला माझ्या घरी न्या’ असा धोशा. मग नात तिला गोठ्यात नेऊन बसवते. आजी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहते आणि अर्ध्या तासात शांत होते. पुढे कधीतरी मोबाइलवर तिनं एक व्हिडिओ पाहिला: हॉस्पिटलच्या वॉर्डात एक सोनेरी कुत्रा फिरतोय, पेशंट हसतायत. ‘ॲनिमल असिस्टेड थेरपी’, म्हणजे प्राण्यांच्या मदतीनं उपचार, हे नाव तिला तिथे कळलं. तेव्हापासून तिला हेच करायचंय. सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन कोर्स सापडलाय, फी ४५ हजार, शेवटी ‘सर्टिफाइड ॲनिमल थेरपिस्ट’ असा कागद. वडील म्हणतात, बी.एस्सी. ॲग्री कर. आई म्हणते, ‘कुत्री-मांजरं कुरवाळायला कशाला शिकायला लागतंय?’ पुण्याचे मामा म्हणतात, परदेशात याची पदवी आहे, रान गहाण ठेवू पण पोरीला पाठवू.

‘ताई, मला माणसांपेक्षा जनावरांत जास्त रमतं. पदवीलाच हा विषय घेऊन शिकता येईल का? तो कोर्स करू का? का मी उगाच येड्यासारखं स्वप्न बघतेय?’ असं विचारून तिनं शेवटी ताजा कलम जोडलाय: ‘चंपा आता भाकड आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पप्पा तिला विकायचं म्हणतात.’

*

अगं, आधी आईच्या प्रश्नाचं बघू. तू तो चिडून लिहिलायस, पण अख्ख्या पत्रात सगळ्यात नेमका प्रश्न तिचाच आहे. कुरवाळायला शिकायला लागतं का? नाही लागत. तुझी आजी कुठे शिकायला गेली नव्हती आणि चंपा तर नाहीच नाही. शिकावं लागतं ते त्याच्या पुढचं. कुणाला जनावराजवळ न्यायचं, कुणाला अजिबात न्यायचं नाही, किती वेळ, कशासाठी, आणि त्यानं खरंच काही झालं की नुसतं आपल्याला तसं वाटलं. आईला हे उत्तर देऊन बघ. पटेलच असं नाही, पण भांडण तरी मुद्द्यावर होईल.

या क्षेत्रातल्या संस्थांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं २०१४ मध्ये व्याख्या ठरवल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्यातली वाटणी सरळ आहे. कुणी हौसेनं आपला कुत्रा घेऊन वृद्धाश्रमात गेलं, म्हाताऱ्या माणसांनी त्याचे लाड केले, दोन तास बरे गेले, तर ती ‘ॲक्टिव्हिटी’. शिक्षकानं वर्गात ठरलेल्या धड्यासाठी, ठरलेल्या उद्दिष्टानं प्राण्याची मदत घेतली तर ते ‘एज्युकेशन’. ‘थेरपी’ म्हणायची तर मात्र समोर ठरावीक रुग्ण हवा, त्याच्यासाठी ठरवलेलं ध्येय हवं, प्रत्येक वेळची नोंद हवी. आणि ती करणारा माणूस आपापल्या विषयात पात्र हवा: मानसोपचार, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमवून देणारे उपचार), नर्सिंग, समाजकार्य, यातलं काहीतरी. तू पाहिलास तसे सोनेरी कुत्रे बऱ्याचदा पहिल्या प्रकारातले असतात. त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला उपचार म्हणू नये. आणि नुसता ‘ॲनिमल थेरपिस्ट’ नावाचा प्राणी या व्याख्येत कुठे बसतच नाही.

ही विद्या सुरू कशी झाली त्याची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. एक अबोल, मिटून गेलेला मुलगा एकदा ठरल्या वेळेच्या बराच आधी त्यांच्याकडे आला. लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स तेव्हा खोलीतच होता. मुलगा त्याच्याशी खेळायला लागला, आणि पुढे त्या कुत्र्याच्या निमित्तानं लेव्हिन्सन यांना त्याच्यापर्यंत पोचता आलं. १९६२ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला चक्क ‘सह-उपचारक’ म्हटलं. सहकाऱ्यांनी थट्टा केली. ही गोष्ट जिथे तिथे कुत्र्याची थोरवी म्हणून सांगितली जाते. मला ती लेव्हिन्सन यांची वाटते. समोर घडतंय त्याचं काय करायचं हे त्यांना उमगलं, कारण ते आधीच बालमानसतज्ज्ञ होते. खोलीत जिंगल्स एकटाच असता तर मुलगा तासभर खेळला असता आणि घरी गेला असता.

तुझ्या पप्पांना विचार, त्यांनी बाग लावली तेव्हा पहिल्याच दिवशी थॉम्पसन लावली होती का? आधी डॉगरीजचा खुंट लावला असेल, म्हणजे ज्यावर कलम करायचं ते मुळाचं झाड. त्याला मुळं धरू दिली, काडी पेन्सिलीएवढी जाड झाली, मग कलम भरलं. तू कलमाची काडी हातात घेऊन उभी आहेस आणि खुंट कुठला हेच अजून ठरलेलं नाही. पदवीची तीन-चार वर्षं ही खुंटाची वर्षं.

आता तुझं ते वाक्य. ‘मला माणसांपेक्षा जनावरांत जास्त रमतं.’ मी ते दोन-तीनदा वाचलं. असं लिहिणारी तू एकटी नाहीस. कराडचा एक मुलगा, वाईची एक ताई, दोघांनी मला पत्रांत जवळजवळ हेच शब्द लिहिलेत. पण या कामात दिवसभर माणसंच असतात. तीही अवघड दिवसांतली माणसं: अंगावर थुंकणारं पोर, पक्षाघातानं वाचा गेलेला आणि म्हणून सगळ्यांवर चिडलेला माणूस, ‘फरक कधी पडणार?’ असं दर आठवड्याला विचारणारी आई. कुत्रा असतो तो अर्धा-पाऊण तास. बाकी वेळ नोंदी, नातेवाइकांशी बोलणं, वरिष्ठांना पटवणं. ज्याला खरोखर जनावरांतच राहायचंय त्यानं जनावरांच्या कामात जावं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तुझ्या बाबतीत मात्र ते वाक्य पूर्ण खरं नसावं असा माझा संशय आहे. चार वर्षं रोज संध्याकाळी तू आजीला हाताला धरून गोठ्यात नेतेस. माणसांचा कंटाळा असणारी पोरगी तिला चंपाच्या हवाली करून कोपऱ्यात मोबाइल बघत बसली असती. तू आजीच्या चेहऱ्याकडे बघत बसलीस, म्हणून तर ती किती वेळात शांत होते हे तुला सांगता आलं.

माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी एका मैत्रिणीचा कुत्रा आणून बसवला होता. गुणी, शांत, सगळ्या लसी झालेला. मुलं खुलतील असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी आठ वर्षांचा एक मुलगा दारातच ताठ झाला, आईच्या साडीत तोंड लपवून उभा राहिला. त्याला वर्षभरापूर्वी गल्लीतला कुत्रा चावला होता आणि पोटातल्या इंजेक्शनांची भीती घरच्यांनी घातली होती. मी आधी विचारलंच नव्हतं. तो परत आला नाही. कुत्र्याला कसं हाताळायचं ते मला येत होतं. कुणासमोर आणायचं नाही, ते येत नव्हतं. (जाता जाता: पोटात इंजेक्शनं आता देत नाहीत, दंडात देतात. चावा बसला की जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे हळद-चुना लावणाऱ्या प्रत्येक घरासाठी.)

आता आजीकडे येऊ, कारण तुझं पहिलं पाठ्यपुस्तक तीच आहे. चंपामुळे आजी शांत होते असं तू ठामपणे लिहितेस. असेलही. पण त्या अर्ध्या तासात आणखी काय काय घडतं बघ. ती टीव्हीच्या आवाजातून बाहेर पडते. अंगणातून चालत जाते. उघड्यावर बसते. शेणाचा, वैरणीचा, ओल्या सरकीचा वास येतो, जो तिच्या नाकाला पन्नास वर्षांचा ओळखीचा आहे. हातांना काम मिळतं. रोज त्याच वेळी तेच घडतं. आणि तू शेजारी असतेस. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची तगमग दिवस कलताना वाढते, ही डॉक्टरांना माहीत असलेली गोष्ट आहे. ती वेळ कुठल्याही ओळखीच्या कामात गेली तरी फरक पडू शकतो. मग यातलं औषध कुठलं? म्हैस, वास, चालणं की तू?

हाच प्रश्न या विषयातल्या सगळ्या संशोधनाचं दुखणं आहे. १९८० मध्ये अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांचा हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण ९२. वर्षभरात, घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले आणि नसलेल्या ३९ जणांपैकी ११. आकडे वाचले की कुत्रा आणायला धावावंसं वाटतं. संशोधकांनी आजार किती गंभीर होता हेही लक्षात घेऊन पाहिलं होतं. तरीही शंका उरतेच: अंगात थोडी धमक आहे, घरात चार माणसं आहेत, असाच माणूस प्राणी पाळतो ना? पुढच्या काही अभ्यासांत असाच फायदा दिसला, काहींत दिसला नाही. त्यात गट लहान असतात. आणि औषधाच्या चाचणीत खऱ्या गोळीऐवजी साखरेची गोळी देऊन बघता येतं. इथे साखरेची म्हैस कुठून आणायची?

मला स्वतःला जास्त भावलेला अभ्यास नॉर्वेतला आहे, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. मानसिक आजार असलेले ९० लोक. त्यातल्या ६० जणांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास शेतावरच्या जनावरांसोबत काम केलं. काम संपलं तेव्हा लगेच फारसा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी पाहिलं तर ‘आपल्याला जमतं’ हा विश्वास त्यांच्यात वाढलेला होता. ध्यानात घे, यात ना सोनेरी कुत्रा आहे, ना वॉर्डात काढलेला व्हिडिओ. गोठा आहे, आणि हाताला लागणारं काम आहे. तासगावच्या मुलीनं या विषयात काही करायचं तर ते सोनेरी कुत्र्यापासूनच सुरू व्हायला हवं, हे कुणी सांगितलं? खिल्लार बैल, पंढरपुरी म्हैस, माडग्याळी मेंढी, कारवानी कुत्रा अशी जातिवंत जनावरं ज्या मुलखात आहेत, तिथल्या पोरांना थेरपी म्हटलं की लॅब्राडोरच का दिसावा?

तर काम सांगते. एक शंभर पानी वही घे. सहा आठवडे रोज लिही: आजी किती वाजता अस्वस्थ झाली, किती वेळानं शांत झाली, त्या दिवशी दुपारी झोपली होती का, पाहुणे आले होते का, पोट साफ होतं का. काही दिवस गोठ्यात ने. काही दिवस गोठ्यात न नेता तेवढाच वेळ अंगणात बसव, तूच शेजारी. काही दिवस आईला बसू दे. एखाद्या दिवशी आजी फारच तळमळली तर वही बाजूला ठेव आणि सरळ गोठ्यात ने. ती आजी आहे, प्रयोगाचा उंदीर नाही. ही वही म्हणजे काही शोधनिबंध होणार नाही. पण ‘मला वाटतं’ आणि ‘मला दिसलं’ यातलं अंतर तुला कळेल, आणि ते ४५ हजारांत मिळत नाही.

त्या कोर्सबद्दल माझं मत स्वच्छ आहे: आत्ता नको. आपल्याकडे ‘ॲनिमल थेरपिस्ट’ म्हणून नोंदणी करणारी कुठली परिषदच नाही, त्यामुळे त्या कागदावर तू कुणावर उपचार करू शकत नाहीस. पुढे पदवी झाल्यावर एखादा चांगला प्रशिक्षणक्रम जरूर कर. मुंबई-पुण्यात ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था बरीच वर्षं हे काम करतायत. त्यांच्याकडे काम कसं चालतं ते बघता आलं तर बघ. कुठल्याही कोर्सवाल्याला फोन करून मात्र चार गोष्टी विचार. शिकवणारे स्वतः कुठल्या विषयात पात्र आहेत? खऱ्या रुग्णांसोबत, देखरेखीखाली किती तास काम मिळेल? जनावर थकलंय हे ओळखायला कोण आणि कसं शिकवणार? आणि कोर्सनंतर मी स्वतःला काय म्हणवून घ्यायचं? चौथ्या प्रश्नाला ‘थेरपिस्ट म्हणा की बिनधास्त’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून दे.

मामांचा बेत प्रेमापोटी आहे, पण रान गहाण ठेवण्याएवढा तो पक्का नाही. परदेशात अशा पदव्या आहेत हे खरं. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या कॅरोल कॉलेजात माणूस-प्राणी संबंध हा विषय घेऊन पदवी करता येते. पण तिथेही नुसत्या त्या पदवीवर कुणी उपचार करत नाही. समुपदेशक किंवा समाजकार्यातला उपचारक व्हायला पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि परवाना लागतोच. म्हणजे खुंट तिथेही आधीच लागतो. जायचंच असेल तर पदव्युत्तरला जा. तोवर कर्ज कशासाठी काढतोय हे तुलाही नेमकं कळलेलं असेल.

मग इथे काय? माझ्या मते तुझ्यासमोर दोन खऱ्या वाटा आहेत.

एक मानसशास्त्राची. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत सांगली-साताऱ्यातल्या महाविद्यालयांत हा विषय मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे, सोबत दुसरा विषयही घेता येतो. प्राणिशास्त्र जोडून मिळत असेल तर सोडू नकोस. एक सावधगिरी: पत्राद्वारे किंवा ऑनलाइन मानसशास्त्राची पदवी घ्यायचा विचार असेल तर तो सोड. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम त्या मार्गानं बंद केलेत. दुसरी गोष्ट आईवडिलांनाही आत्ताच सांगून ठेव. नुसत्या पदवीवर मानसोपचार करता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. वाट लांब आहे. मधली काही वर्षं हातात फारसा पैसा नसतो.

दुसरी वाट फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीची. पदवी झाली की हातात व्यवसाय असतो, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असेल तर मी या बाजूला झुकेन. फिजिओथेरपी कराडलाही शिकता येते. कॉलेज शासकीय, खाजगी की अभिमत, यावर प्रवेशाचे नियम बदलतात. या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, एजंटाचं ऐकू नकोस. प्राण्यांचा सगळ्यात तांत्रिक वापर याच क्षेत्रात होतो. घोडा चालतो तेव्हा पाठीवरच्या माणसाच्या कमरेला मिळणारी हालचाल आपण चालताना होणाऱ्या हालचालीसारखीच असते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाचा तोल, कंबर, पाठ यांसाठी थेरपिस्ट त्या हालचालीचा उपयोग करतात. घोडा कुठल्या चालीनं, किती वेळ, मुलाचं तोंड कुठे, हे सगळं थेरपिस्ट ठरवतो. आमच्या वाईच्या ताईंनी विचारलं होतं, मुलाला दर रविवारी पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसवलं तर चालेल का? ताई, मजा म्हणून, आधी डॉक्टरांना विचारून, खुशाल बसवा. पण त्याला थेरपी समजून घरचा व्यायाम बंद करू नका.

जनावरांची डॉक्टरकी ही तिसरी वाट तू जवळपास सोडूनच दिलीयस, म्हणून तिच्याबद्दल थोडंच. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नाव तुमच्याच सांगली जिल्ह्यातल्या माणसाचं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नीटच्या गुणांवर प्रवेश. यंदा नाही तर एक वर्ष परत प्रयत्न करावा का? जनावरांचं दुखणं-खुपणं हाच तुझा खरा ओढा असेल तर हो. ‘थेरपीला उपयोगी पडेल’ म्हणून असेल तर नको, कारण पशुवैद्यक माणसांवर उपचार करत नाही. पप्पांची ॲग्रीही वाईट नाही, पण ती त्यांची वाट झाली.

कुठलीही वाट धरलीस तरी पदवीच्या वर्षांत जनावराची बाजू शिकत राहा. ती कोर्सवाले हमखास विसरतात. कुत्रा सारखा जांभया देतोय, ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर त्याला पुरे झालंय. लोकांना वाटतं, किती शांत बसलाय! अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही संस्था कुत्रा किमान एक वर्षाचा आणि सांभाळणाऱ्याकडे सहा महिने राहिलेला असल्याशिवाय घेत नाही, दिवसात दोन तासांपेक्षा जास्त भेट करू देत नाही, आणि कच्चं मांस खाणारा प्राणी चालत नाही, कारण त्यातून रुग्णांना जंतुसंसर्ग होऊ शकतो. कराडच्या मुला, तू तुझा दहा महिन्यांचा लॅब्राडोर विशेष शाळेत न्यायचं म्हणतोस, हे तुझ्यासाठी आहे. थांब जरा. त्याआधी तू एकटा जा, महिनाभर मुलांत बस.

तुलाही तेच सांगेन. सुटीत जवळच्या वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत जनावर न घेता काम कर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी काढून सकाळी उभी राहा. दोन्हीकडे महिना-महिना काढलास की ते ‘रमतं’चं वाक्य खरं की खोटं, तुझं तुलाच कळेल.

आता गोठ्याबद्दल थोडं, ज्यांच्या घरी असं म्हातारं माणूस आणि जनावर दोन्ही आहे त्या सगळ्यांसाठी. आजीला सगळ्यात मोठा धोका चंपाचा नाही, ओल्या फरशीचा आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतं. बसायच्या जागी रबरी मॅट टाका, पाठ टेकेल अशी खुर्ची ठेवा, ती जनावराच्या मागच्या पायांकडे नको. तुमची चंपा पंढरपुरी असेल तर तिची शिंगं खांद्यापर्यंत किंवा त्याहूनही लांब असणार. माशी बसली म्हणून तिनं मान झटकली तरी आजीला लागेल. डोक्याकडून दावं आखूड ठेवा आणि आजीला पाठीच्या बाजूला बसवा. म्हैस व्यायली असेल, गाभ टाकला असेल, वासराला नायटा झाला असेल, तर तेवढे दिवस आजी गोठ्यात नको. धारोष्ण दूध तर कुणालाच नको, उकळूनच. परत आल्यावर साबणानं हात धुवा. आजी विसरेल, तुम्ही विसरू नका. आणि आजीला या सगळ्यासोबत डॉक्टरांना दाखवत राहा. तगमग एकदम वाढली तर कधीकधी लघवीचा संसर्ग किंवा दुखणारा दात निघतो, आणि त्यावर म्हैस काय करणार?

आता तुझा ताजा कलम. तो तू जाता जाता लिहिलास, पण मी पत्र पुन्हा उघडलं ते त्याच्यासाठी. ज्या जनावरावर माणूस टेकतो ते जनावरही म्हातारं होतं, आटतं, विकलं जातं, मरतं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याची तयारी आधीपासून ठेवावी लागते. पप्पांवर रागावू नकोस. भाकड म्हशीला वैरण घालणं म्हणजे काय ते बागेचं कर्ज फेडणाऱ्यालाच माहीत. आधी डॉक्टरांना बोलावून बघा, ती नुसती आटली आहे, गाभण आहे, की गाभच जात नाही. यावर किंमतही ठरते आणि निर्णयही. आणि आजपासून दुसऱ्या म्हशीला आजीच्या हाताला आण. चंपा असतानाच, तिच्या शेजारी बांधून. आजीच्या हातून दोघींना पेंडीचा एकेक घास जाऊ दे. चंपा गेल्यावर आजी कदाचित त्या दुसरीलाच चंपा म्हणेल. म्हणाली तर दुरुस्त करू नकोस.

पप्पांकडे तिच्यासाठी कायमचं काही मागू नकोस. वहीचे सहा आठवडे माग. त्या ऑनलाइन कोर्सलाही तेवढेच लागणार होते. तेवढ्या दिवसांत चंपाला वैरण-पेंडीचा खर्च किती येतो ते पप्पांकडून नीट हिशेब करून घे, ४५ हजारांच्या शेजारी मांड, आणि मला कळव.